मुलींच्या शिक्षणाचे रोखे

मुलींच्या शिक्षणाला आता रोखे निघालेत. थट्टा नाही. महानगरपालिकेचे निघतात, धरणांचे निघतात, तसेच पोरींच्या शाळेचे निघाले. त्याला डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड म्हणतात. आपल्या वस्तीतल्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते पगारामुळे ठाऊक आहे; कारण एम.एस.डब्ल्यू. होऊन आपली पोरंपोरी ज्या संस्थांत चिकटतात, त्या संस्था आता हीच भाषा बोलतात. निकाल दाखवा, पैसे घ्या. उद्या ही भाषा आपल्या अभ्यासिकेच्या दारात येणार आहे. काही ठिकाणी आलीही आहे. तेव्हा आपण काय बोलणार, हे आजच ठरवलेलं बरं. म्हणून हे संपादकीय.

आधी भानगड समजून घेऊ. एखादी संस्था शाळेबाहेरच्या मुलींना शाळेत घालते, त्यांना वाचायला शिकवते. तिला पैसा लागतो. पूर्वी देणगीदार अनुदान द्यायचा आणि संस्था खर्चाच्या पावत्या दाखवायची. इतक्या वह्या वाटल्या, इतक्या सभा घेतल्या, इतक्या मास्तरांना ट्रेनिंग दिलं. मुलगी शिकली का, हे कुणी विचारायचं नाही. नव्या तऱ्हेत चार पार्ट्या असतात. गुंतवणूकदार आधी पैसा लावतो. संस्था काम करते. तिसरा येऊन निकाल मोजतो. निकाल ठरल्याप्रमाणे भरला, की चौथा, म्हणजे निकालाचे पैसे देणारा, गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर परतावा देतो. निकाल भरला नाही, तर गुंतवणूकदाराचा पैसा बुडाला.

आपल्या आयांना हे समजावून सांगायला व्याख्यान लागणार नाही. सोलापूर-सिन्नरच्या बाया बिडी वळतात ती हजारावर. बीडचा कोयता ऊस तोडतो तो टनावर. उक्तं काम आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मुकादम उचल देतो आणि टनाटनानं वसूल करतो, बिडीचा कंत्राटदार वळलेल्या बिड्यांतून छाट काढतो आणि तेवढ्याचे पैसे कापतो. 'निकालावर पैसे' ही कल्पना परदेशी शहाण्यांना नवी वाटत असेल. आपण तिच्यातच जन्मलो. फरक एवढाच की आजवर उक्त्यावर बिडी होती, ऊस होता. आता पोरगी आहे.

तरीही, गोष्ट परकी आहे, पैसेवाल्यांची आहे, एवढ्यावरून तिला शिव्या घालून मोकळं होणं मला पसंत नाही. ज्याला विरोध करायचा ते आधी नीट वाचावं लागतं. म्हणून जगातला शिक्षणावरचा पहिला असा रोखा जिथं निघाला तिथं जाऊ. ते ठिकाण आपल्याच देशात आहे. राजस्थानचा भिलवाडा जिल्हा. सालं २०१५ ते २०१८. काम केलं एज्युकेट गर्ल्स या संस्थेनं, जिला २०२५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पैसा लावला यूबीएस या स्विस बँकेच्या ऑप्टिमस फाउंडेशननं, सुमारे २ लाख ७० हजार डॉलर. निकालाचे पैसे देणार होतं लंडनचं चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन. मोजलं आयडीइनसाइट या संस्थेनं. शाळा १६६, सगळ्या सरकारी.

पैसा दोनच गोष्टींना बांधलेला होता. ८० टक्के वजन तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींच्या शिकण्याला. अक्षरावरून शब्दावर, शब्दावरून परिच्छेदावर, परिच्छेदावरून गोष्टीवर, अशा पायऱ्या हिंदी, इंग्रजी आणि गणितात मोजायच्या. आणि तेही संस्थेनं काम न केलेल्या शाळांतल्या मुलांशी ताडून. उरलेलं २० टक्के वजन शाळेबाहेरच्या ७ ते १४ वयाच्या मुलींची नावं पटावर चढवण्याला.

तीन वर्षांनी निकाल लागला. ८३७ शाळाबाह्य मुलींपैकी ७६८ जणींची नावं पटावर आली. म्हणजे ९२ टक्के. शिकण्याच्या पायऱ्यांचं उद्दिष्ट होतं ५,५९२. प्रत्यक्षात चढल्या ८,९४०. उद्दिष्टाच्या १६० टक्के. गुंतवणूकदाराला मुद्दल परत मिळालं आणि वर १५ टक्के परतावा.

या आकड्यांवर मी थुंकत नाही. यात एक गोष्ट तर आपण शिकून घ्यावी अशी आहे. दोन वर्षं झाल्यावर शिकण्याचं उद्दिष्ट जेमतेम निम्मं गाठलं होतं. तिसऱ्या वर्षी संस्थेनं पद्धत बदलली. इयत्तेप्रमाणे बसवण्याऐवजी ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे मुलांचे गट केले, तास वाढवले, आणि जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या घरी जाऊन शिकवलं. शेवटच्या वर्षात आकडा उसळला तो त्यामुळे. मोजलं म्हणून कळलं, कळलं म्हणून बदललं. आपल्याकडे दहा-दहा वर्षं चालणारे वर्ग आहेत. उद्घाटनाचा फोटो आहे, १४ एप्रिलचा फोटो आहे, पाहुण्यांच्या शालीचा फोटो आहे. आलेल्या पोरीला तीन महिन्यांनी भागाकार आला का, याची वही नाही. समाजाच्या नावानं पैसा आणून समाजाला हिशेब न देणारे आपल्यातही आहेत आणि त्यांची नावं वस्तीला पाठ आहेत. म्हणून हिशेब नको, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही.

माझा प्रश्न दुसरा आहे. हिशेब कुणी कुणाला द्यायचा?

भिलवाड्यातल्या त्या ८३७ मुलींकडे पुन्हा बघा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे २०१५ साली शाळेबाहेर असलेली यातली प्रत्येक मुलगी हा सरकारनं कायदा मोडल्याचा जिवंत पुरावा होता. एक पुरावा नाही, ८३७ पुरावे. आणि त्याच राजस्थानात आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, सरकारनं एकत्रीकरणाच्या नावाखाली हजारो सरकारी शाळा एकमेकींत मिसळल्या होत्या. गावातली शाळा दुसऱ्या गावात गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. हे कळायला आयडीइनसाइट लागत नाही.

आता या व्यवहारात कुणाच्या वाट्याला काय आलं ते मांडून बघू. घराघरात जाऊन बापाला गळ घालणारे, पोरीला हात धरून शाळेत नेणारे गावातले तरुण-तरुणी होते. टीम बालिका म्हणतात त्यांना. ते स्वयंसेवक, बिनपगारी. त्यांच्या घामाला शून्य टक्के. झुरिकच्या पैशाला १५ टक्के. ती बँकेची धर्मादाय शाखा आहे, कुण्या शेटजीनं तो पैसा खिशात घातला असा माझा आरोप नाही. पण जोखीम कुणाची मानली गेली, ते बघा. पैसा लावणाऱ्याची जोखीम जोखीम, म्हणून तिला परतावा. गावात वरच्या आळीच्या नजरेसमोर, बापभावांच्या शिव्या खात पोरींना घराबाहेर काढणाऱ्या पोरीची जोखीम ही सेवा, म्हणून तिला टाळ्या. आणि सरकार? सरकार या चार पार्ट्यांत नव्हतंच. ज्यानं देणं बुडवलं तो देणेकरीच बैठकीतून गायब. शाळा त्याची, मास्तर त्याचा, कायदा त्याचा. आणि त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

मूळ मुद्दा इथं आहे. ती मुलगी घेणेकरी आहे. या देशाकडे तिचं येणं आहे. शतकांचं आहे, आणि कायद्यानं लिहून दिलेलं आहे. रोख्याच्या वहीत मात्र ती घेणेकरी म्हणून नोंदली जात नाही. तिथं ती माल आहे. नोंदणीचा अमुक दर, एका पायरीचा तमुक दर.

निकालावर पैसे देण्याचा हा धंदा नवाही नाही. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लोनं शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, प्रत्येक पोराचं वाचन, लेखन, अंकगणित तपासणार, हजेरी बघणार आणि त्या हिशेबानं शाळेला पैसे मिळणार. झालं काय? मास्तरांनी पोरांकडून वाचनाचं पुस्तक घोकून घेतलं. इन्स्पेक्टर जे विचारणार नाही ते शिकवणं गळालं. मजुरांच्या वस्तीतल्या शाळा, जिथं पोरं उपाशी यायची आणि कामाला पळायची, त्यांच्यावर सगळ्यात जास्त टांगती तलवार. शेवटी १८९० च्या दशकात इंग्रजांनीच ती पद्धत टप्प्याटप्प्यानं मोडीत काढली. तोवर आपल्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची रीत येऊन पोचली होती.

त्याच काळात, १८८२ मध्ये, हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारी महसूल जमतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. स्कॉलरशिपांबद्दल त्यांनी जे म्हटलं ते आज प्रत्येक रोखेवाल्याच्या टेबलावर ठेवावं असं आहे. चढाओढीनं स्कॉलरशिपा देणं वरवर न्यायाचं दिसतं, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यात ते त्यामुळे पसरत नाही. म्हणून काही स्कॉलरशिपा मुद्दाम त्यांच्यासाठी राखा. आणि निवेदनाचा शेवट त्यांनी केला तो मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी सढळ हातानं उपाय करा, या मागणीनं. जोतीरावांनी ओळखलं होतं की वरवर सारखी दिसणारी पट्टी शेवटच्याला शेवटीच ठेवते.

आता १९२७. मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू आहे. बाबासाहेब उभे राहिले. त्यांनी आकडे काढले. शाळेत शिरणाऱ्या दर शंभर पोरांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत पडतात. शिक्षणावर सरकार माणशी १४ आणे खर्चतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त उकळतं. आणि मग त्यांनी सांगितलं, की शिक्षण खातं हे 'इतके द्या, इतकं घ्या' या देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवायचं खातं नाही; खालच्या वर्गांना शिक्षण जितकं स्वस्त करता येईल तितकं करणं हे धोरण असलं पाहिजे.

नीट बघा. बाबासाहेबांनी निकाल मोजला. शंभरातले अठरा, हा निकालच आहे. पुढे १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाच्या प्रगतीचं मापही सांगितलं, की स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मी ते ठरवतो. म्हणजे मोजायला ते कधीच घाबरले नाहीत. पण १९२७ चा तो आकडा त्यांनी कुणापुढे ठेवला? ज्याचं कर्तव्य होतं त्या सरकारपुढे. त्यांच्या हातात तो आकडा आरोपपत्र होता. रोख्याच्या व्यवहारात तसाच आकडा बिल होतो. आरोपपत्र देणेकऱ्याला दिलं जातं, बिल गिऱ्हाइकाला. चळवळीच्या पोरांनी हा फरक ओळखायला शिकलं पाहिजे.

आता आपल्या महाराष्ट्रात या. 'निकालावर पैसे' इथंही आहे, फक्त उलट्या बाजूनं. १९९२ पासून राज्य सरकार पहिली ते चौथीच्या वंचित घरांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता देतं. दिवसाला १ रुपया. तोही ७५ टक्के हजेरी भरली तर. तीस वर्षं उलटली तरी त्या रुपयाचे दोन झाले नव्हते. तीस वर्षांत वहीची किंमत वाढली, पेन्सिलीची वाढली, आमदारांचे भत्ते वाढले. पोरीचा रुपया तेवढाच. परदेशी पैशाला निकाल दिल्याबद्दल १५ टक्के. आणि रोज येऊन बसणाऱ्या, अनवाणी चालत येणाऱ्या पोरीला एक रुपया. या दोन आकड्यांवर आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक प्रबंध लिहावा.

डिसेंबर २०१७ मध्ये याच सरकारनं पट कमी म्हणून १,३०० च्या वर शाळा बंद करायला काढल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचं परिपत्रक निघालं, आणि त्याच महिन्यात कंपन्यांनी शाळा दत्तक घ्याव्या म्हणून योजना निघाली. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या नव्या धोरणानं पुन्हा तेच सांगितलं. चोपन्न वर्षं तोच आकडा लिहायचा आणि गाठायचा नाही. बापानं पोर दत्तक द्यायला काढावं आणि वर म्हणावं, मी बाप आहेच. तसा हा प्रकार.

आणि २०२३ पासून मुंबईच्या शेअर बाजारात सोशल स्टॉक एक्स्चेंज सुरू झालं आहे. समाजकार्य करणाऱ्या संस्था तिथं नोंदणी करून पैसा उभा करू शकतात. तिथल्या साध्या रोख्यात पैसा लावणाऱ्याला ना व्याज मिळतं ना मुद्दल, म्हणजे ती देणगीच झाली. त्याचं मला वावडं नाही. पण बाजार एकदा उघडला की दर कुठं बघावा आणि माल कसा निवडावा, हे बाजाराचं शहाणपण आपोआप येतं. ते कसं येतं ते मी पाहिलेलं आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका कंपनीच्या सामाजिक निधीचा माणूस आला. वाईट नव्हता. बूट काढून आत आला, खाली बसला, चहा प्याला. वर्गात त्या वेळी ४१ मुली. त्यानं कागद काढला. पट, हजेरी, सुरुवातीची पायरी, सहा महिन्यांनंतरची पायरी. म्हणाला, निकालावर हप्ते मिळतील. दोन पायऱ्या चढणाऱ्या मुली किती निघतील सांगा. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी वही पुढे केली. त्यात नऊ मुलींच्या नावापुढे हजेरी तुटक होती. एक आईबरोबर धुण्याभांड्याला जाते. एक धाकट्या भावाला सांभाळते. एकीच्या घरी पाण्याचा टँकर येईल तेव्हा तिला रांगेत उभं राहावं लागतं. तो म्हणाला, या नऊ आपण सध्या आकड्यात धरायला नकोत, रिस्क वाढते. ताई म्हणाल्या, "साहेब, वर्ग काढला तो या नऊ जणींसाठी. बाकीच्या बत्तीस कुठंही शिकल्या असत्या." त्यानं ते ऐकून घेतलं, पण त्याच्या कागदात हे लिहायला जागा नव्हती. ताईंनी सही केली नाही. वर्ग आजही वर्गणीवर चालतो, आणि रडतखडत चालतो. हे मी अभिमानानं सांगत नाही. वर्गणीवर किती दिवस चालणार?

ही नऊ नावं म्हणजे छाट. बिडीच्या पाटीतून काढावी तशी काढलेली. भिलवाड्यात शाळेतली सगळी मुलं धरली होती, निवडायला वाव ठेवला नव्हता. तिथं आखणी करणारे हुशार होते आणि मोजणारे पक्के होते, हे कबूल केलं पाहिजे. पण प्रत्येक वस्तीत कुणी परदेशातून मोजायला येणार नाही. तिथं मोजमाप स्वस्तातलं असेल, संस्था भुकेली असेल, आणि हप्ता अडकलेला असेल. मग कुणाची नावं गळणार? जी पोरगी दिवाळीला आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परतते, ती कुठल्या गुंतवणूकदाराला परवडणार आहे? ती म्हणजे नुसती जोखीम. उक्त्याच्या हिशेबात बीडपेक्षा बारामती स्वस्त पडणार.

आणि आखणी चांगली असली तरी पट्टी किती लांब आहे? पटावर नाव चढलं, की नोंदणी झाली. पुढं ती मुलगी टिकली का, आठवीनंतर कुठं गेली, सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावलं का, हे बिलात नव्हतं. तिला वर्गात कुठं बसवलं, तिच्या हातचं पाणी मास्तर प्याला का, हे बिलात नव्हतं. गोष्ट वाचता आली की पट्टी संपली. १८५५ मध्ये मुक्ता या मांग समाजातल्या मुलीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली ही मुलगी. तिनं महारामांगांच्या दुःखाचा जाब पेशवाईपासून भटांपर्यंत सगळ्यांना विचारला. आजच्या पट्टीवर तिचा निकाल लागला असता, 'गोष्ट वाचता येते'. जाब विचारता येतो, याला पट्टीवर पायरी नाही.

आणि ज्या पोरी सगळ्या पायऱ्या चढल्या त्यांचं काय? डॉ. पायल तडवी प्रत्येक परीक्षा पास होऊन मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आदिवासी घरातली. २०१९ च्या मे महिन्यात तिनं जीव दिला आणि जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन डॉक्टरांवर खटला भरला गेला. शिकलेल्या मुलीला जगू देण्याचा निकाल कुणाच्या वहीत मोजायचा?

म्हणून दोस्तहो, मला जे म्हणायचं आहे ते सरळ सांगतो. पैसा घ्या. सरकारचा घ्या, कंपनीचा घ्या. तो आपल्या लोकांच्या घामातूनच वर गेलेला आहे. नागपुरात १९२२ मध्ये जाईबाई चौधरींनी चोखामेळा मुलींची शाळा काढली तेव्हा कुठला रोखा त्यांच्या पाठीशी होता? पण हे सांगून आजच्या कार्यकर्त्यानं उपाशी राहूनच काम करावं असं मी म्हणणार नाही. त्यागाची पोथी आपल्याला पुष्कळ वाचून दाखवली गेली आहे. पैसा घ्या, मोजमापही करा. पण पोरीच्या पायरीवर हप्ता लटकवणाऱ्या कागदावर सही करू नका. पोरगी उक्त्यावर द्यायची नाही.

आणि ज्यांना आपल्याबरोबर काम करायचं आहे त्यांच्यापुढे आपल्या अटी ठेवा.

१) पैसा आधी आणि पूर्ण मिळाला पाहिजे. पोरगी शिकली नाही तर का शिकली नाही याचं उत्तर आम्ही देऊ. पण त्या उत्तरासाठी वर्गाचं भाडं आणि ताईचा पगार अडवायचा नाही.

२) दारोदार फिरणाऱ्या प्रत्येक माणसाला पगार. परताव्याला पैसा असेल तर पगाराला आधी असला पाहिजे. स्वयंसेवा हवी असेल तर ती गुंतवणूकदारानंही करावी.

३) मोजायला सुरुवात शेवटच्या पोरीपासून. सरासरी आम्हाला नको. तुटक हजेरीची, ऊसतोडीची, धुण्याभांड्याची, पारध्यांची, वडारांची पोर कुठवर आली ते आधी लिहायचं, आणि जात, वस्ती, आईचं काम यांसकट लिहायचं.

४) निकाल वस्तीत वाचायचा. विहारात, समाजमंदिरात, चौकात, आयांसमोर, मराठीत. मोजणाऱ्यानं आधी त्यांना सांगावं, मग हवं तर झुरिकला कळवावं. आणि आयांना उलट प्रश्न विचारायचा हक्क असावा.

५) प्रत्येक निकालाची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर. सोबत एक ओळ: या मुली आमच्याकडे आल्या कारण तुम्ही त्यांना सोडलं होतं. पोच घ्यायची, सहीशिक्क्यासकट. बंद केलेली शाळा, न भरलेली शिक्षकाची जागा, न बांधलेला संडास आणि न वाढवलेला रुपया, हे सगळं त्याच कागदात.

पाचवी अट सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त टोचणार आहे. तिला ना परवानगी लागते, ना पैसा. अभ्यासिका चालवणारी पोरं ती या महिन्यापासून सुरू करू शकतात. आपल्या गल्लीतल्या ६ ते १४ वयाच्या किती मुली शाळेबाहेर आहेत, याची यादी करायला दोन रविवार पुरतील. माहितीचा अधिकार आहे, शिक्षण हक्क कायदा आहे, अर्ज लिहिता येणारी पोरं आपल्यात आहेत. ज्या वस्तीत यादी तयार होईल तिनं ती आमच्याकडेही पाठवावी. मुलींची नावं न छापता आम्ही आकडे छापू. वॉर्डाचं नाव आणि अधिकाऱ्याचं पद मात्र ठळक टायपात छापू.

त्यांच्या वहीत आपल्या पोरी खर्चाच्या किंवा नफ्याच्या रकान्यात असतील. आपली वही वेगळी आहे. तिच्यात त्या येण्याच्या बाजूला आहेत. वसुलीला निघा.

जय भीम.

— संपादक